दोन मुलं, एक बाबागाडी

शेजारी-शेजारी: रुंदी साधारण ७५ ते ८० सें.मी. वळवायला सोपी, जुळ्यांना सोयीची. अमेरिकेत सार्वजनिक इमारतींच्या दारांना किमान ३२ इंच (सुमारे ८१ सें.मी.) मोकळी रुंदी लागते, त्यातून ती जेमतेम जाते. आपल्याकडच्या जुन्या लिफ्टचं दार आधी मोजावं.

मागे-पुढे (टँडम): रुंदी एकेरी गाडीच्या आसपास, लांबी जास्त. फूटपाथच्या कडेवर चढवताना जड.

तान्हं बाळ: सुमारे सहा महिने, आधाराविना बसेपर्यंत, पाठ सपाट आडवी होणारं आसन.

चालणारं भावंड: एकेरी गाडीमागे उभं राहायची चाकांची फळी पुरते.

पट्टा: पाच ठिकाणी अडकणारा, खांदे, कंबर, मांड्यांमधून.

डिस्ने वर्ल्ड, डिस्नेलँड: १ मे २०१९पासून कमाल रुंदी ३१ इंच, लांबी ५२ इंच.