विश्लेषण : फिश टँकसाठी कॅनिस्टर फिल्टर निवडताना काय पाहावे?

रविवारी फिल्टर उघडून नळाखाली चकचकीत धुतला, टाकीतले पाणीही बदलले. आणि दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागले. घरी मासे पाळणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. पाणी काचेसारखे स्वच्छ, तरीही मासे दगावतात. याचे मूळ फिल्टरच्या कामाविषयीच्या गैरसमजात आहे. फिल्टर विकत घेताना होणारी चूकही बहुधा त्यातूनच होते.

फिल्टर नेमके काय करतो?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांमुळे पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विषारी असतो. फिल्टरमधील स्पंज आणि सिरॅमिक रिंगांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र बराच कमी घातक असतो आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहतो. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजेच फिल्टर केवळ कचरा गाळत नाही, तो जिवाणूंचे घर असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन नेमके हेच जिवाणू मारते.

कॅनिस्टर कोणाला हवा?

कॅनिस्टर म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवायचा बंद डबा. एका नळीने टाकीतले पाणी खाली येते, स्पंज-रिंगांमधून जाते आणि मोटर ते दुसऱ्या नळीने परत वर पाठवते. या डब्यात जिवाणूंसाठी भरपूर जागा मिळते, हा त्याचा खरा फायदा. दोन फुटांहून लहान टाकी आणि मोजके गप्पी किंवा टेट्रा असतील, तर एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टरही पुरतो. टाकी तीन फुटांची किंवा मोठी असेल, अथवा गोल्डफिश, ऑस्कर यांसारखे जास्त घाण करणारे मासे असतील, तर कॅनिस्टरवरचा खर्च सार्थकी लागतो.

टाकीत पाणी किती, हे कसे काढायचे?

लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि त्याला 28.3 ने गुणावे. 3 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी 6.75 घनफुटांची, म्हणजे सुमारे 191 लिटरची होते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता प्रत्यक्ष पाणी साधारण 160 लिटर धरावे.

खोक्यावरच्या आकड्याचे काय?

टाकीतले सगळे पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून जावे, असा ढोबळ नियम आहे. या हिशेबाने 160 लिटरसाठी ताशी 640 ते 960 लिटर प्रवाह हवा. मात्र खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या डब्याचा असतो. स्पंज आणि रिंगा भरल्या, पाणी वर चढवावे लागले आणि कचरा साचला की प्रवाह बराच घटतो. त्यामुळे या टाकीसाठी ताशी 1,000 ते 1,200 लिटरचे मॉडेल पाहणे योग्य. मोटर पाणी किती उंच चढवू शकते, तो आकडाही कपाट आणि टाकीच्या उंचीशी ताडून पाहावा.

तरीही केवळ प्रवाहावर भुलू नये. सारख्याच प्रवाहाच्या दोन फिल्टरांत ज्याच्या ट्रेमध्ये रिंगा जास्त मावतात तो घ्यावा. फायटरसारख्या माशांना जोराचा प्रवाह सोसत नाही. अशा वेळी पाणी सोडणारी भोकांची नळी काचेकडे वळवावी. पिल्ले असतील तर पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर स्पंज बसवावा. यूव्ही दिवा हिरवे पाणी निवळायला मदत करतो, पण जिवाणूंचे काम करत नाही.

वीज किती लागते? आणि गेली तर?

फिल्टर चोवीस तास चालू ठेवायचा असतो. 20 वॉटची मोटर महिन्याला सुमारे 14.4 युनिट वीज घेते. वीज गेल्यावर बंद डब्यातला प्राणवायू संपत जातो आणि जिवाणू मरू लागतात. कित्येक तास वीज नसेल, तर फिल्टर तसाच सुरू करू नये. आतले पाणी फेकून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून मग चालू करावा. भारनियमनाच्या भागात फिल्टर इन्व्हर्टरवर घ्यावा किंवा बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवावा.

दुकानात काय विचारावे?

रबरी रिंग आणि मोटरचा पंखा सुटा मिळतो का, नळ्यांना बंद करायचे कॉक आहेत का आणि वॉरंटी कोण देते, हे आधी विचारावे. रबरी रिंग मिळाली नाही तर गळणारा डबा निकामी ठरतो.

घरी आणल्यावर सांभाळायचे ते इतकेच : प्रवाह मंदावला की स्पंज टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा, सगळे स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी बदलू नयेत आणि नळाखाली काहीही धुऊ नये. स्पंजावरचा तपकिरी थर पाहून किळस वाटली, तरी मासे त्याच्याच जिवावर जगतात.