नेत्रशस्त्रक्रियेनंतरची उलटी

नेत्रशस्त्रक्रिया हा माझा प्रांत नव्हे. तथापि भालकी, औराद, बसवकल्याण वा आळंदच्या बालकावर हैदराबादेत किंवा सोलापुरात शस्त्रक्रिया होते आणि घरी परतल्यावर काही बिघडले, तर पालक प्रथम बालरोगतज्ज्ञाचेच दार ठोठावतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

मोतीबिंदू काढताना डोळ्याची पुढील पोकळी खुली राहावी व पारपटलास इजा होऊ नये, यासाठी जेलीसारखा चिकट द्रव भरतात. सोडियम हायलुरोनेट १९८० च्या सुमारास प्रचारात आले. आपल्याकडे स्वस्त मिथिलसेल्युलोजही वापरतात. अखेरीस हा द्रव धुऊन काढावा लागतो. थोडा जरी मागे राहिला, तरी डोळ्यातील पाण्याचा निचरा करणारी जाळी तुंबते आणि साधारण ४ ते ८ तासांत दाब चढतो. बहुधा तो १ ते ३ दिवसांत उतरतो. परंतु फार वाढल्यास तेवढ्यातही दृष्टीच्या मज्जातंतूस इजा होऊ शकते.

विटी वा फटाका लागून पडदा सुटला, तर सिलिकॉन तेल मुद्दाम आत ठेवतात. पॉल सिबिस यांनी १९६२ मध्ये हा उपचार पुढे आणला. हे तेल बहुधा काही महिन्यांनी काढावयाचे असते. ते दीर्घकाळ राहिल्यास त्याचे सूक्ष्म थेंब होतात. काचबिंदू होतो, पारपटलावर चुन्याचा थर बसतो. पू पोकळीच्या तळाशी साचतो, तेल मात्र पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते. बुबुळासमोर वरच्या बाजूस पांढरी रेषा दिसल्यास ते तेल समजावे. त्यासाठी साधी टॉर्च पुरते. शिवाय तेलाने चष्म्याचा नंबर पालटतो. लहान वयात तो वेळीच न दिल्यास पडदा जागेवर बसूनही डोळा आळशी राहतो.

तेव्हा सहव्यावसायिकांना विनंती, की शस्त्रक्रियेनंतर उलट्या, डोकेदुखी, लाल डोळा, किंवा तान्ह्या बाळाचे अखंड रडणे व धुरकट बुबुळ दिसल्यास केवळ पोटाचे औषध देऊन थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांशी बोलावे.

आणि पालकहो, घरी निघण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारा : डोळ्यात काही ठेवले आहे काय? असल्यास ते केव्हा काढावयाचे? उत्तर कार्डावर लिहून घ्या. दिसू लागले म्हणून उपचार संपला, असे नव्हे. तेल काढण्याची तारीख सुगीत वा लग्नसराईत हरवू देऊ नका.