चेतापेशींचे सोबती : १४
टिचकी पुढे सरकते तेव्हा

आज कुष्ठरोगाच्या जंतूची पाळी होती, पण यावल तालुक्यातून आलेलं एक पत्र बाजूला ठेववेना.

पत्रलेखकाच्या धाकट्या भावाच्या मनगटावर केळीचा घड उतरवताना कोयता बसला. ‘नस’ तुटली, डॉक्टरांनी शिवली. (आपल्याकडे शीर, चेता, स्नायूबंध सगळी नसच, इथे तुटली ती चेता.) करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली. आता अडीच महिने झालेत. तळहाताच्या मध्यावर टिचकी मारली की करंगळीत झिणझिण्या जातात. ‘सर, पंधरा दिवसांपूर्वी ही जागा बोटाच्या रुंदीएवढी मागे होती. बिघाड पुढे पसरतोय का?’

बिघाड नाही, चेता पुढे येतेय! १९१५ साली, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, जर्मनीत पाउल होफमान आणि फ्रान्समध्ये झूल तिनेल या दोन डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या हातापायांवर हीच टिचकी मारून पाहिली. युद्धात समोरासमोरच्या बाजूंना असूनही दोघांनी एकाच वर्षी एकच खूण नोंदवली.

तुटलेली चेता पुन्हा कशी वाढते, हे केळीवाल्यांना समजायला सोपं आहे. खोड कापलं तरी कंद जिवंत असतो, म्हणून तर खोडवा घेता येतो. चेतापेशीचा कंद मनगटात नसतो. तो पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या शेजारी असतो. कोयत्याने तुटतो तो तिचा लांबलचक धागा. तुटल्या जागेच्या पुढचा धागा मरतो, हे ऑगस्टस वॉलरने १८५० साली बेडकाच्या जिभेची चेता कापून दाखवलं.

धागा मेला तरी भोवतीच्या श्वान पेशी मरत नाहीत. (हे नाव थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून. कुत्र्याशी संबंध नाही, इमानदारीशी आहे.) एरवी त्यांचं काम धाग्याला मायलिनचं वेष्टण गुंडाळण्याचं. धागा तुटला की काही दिवसांत त्या ते काम सोडतात. आपणच केलेलं वेष्टण मोडून खातात, उरलेला राडा उपसायला रक्तातून भक्षक पेशी बोलावून घेतात. मग स्वतः लांबट होऊन जुन्या नळीत एकामागे एक रांग धरतात आणि वाढीला लागणारी रसायनं सोडतात. कंदाकडून निघालेले कोंब या रांगेचा हात धरून पुढे सरकतात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. पंधरा दिवसांत दीड सेंटिमीटर. तुमच्या बोटाची रुंदी जवळपास तेवढीच!

मग झिणझिण्या का? कोंबाचं टोक अजून उघडं असतं. श्वान पेशींनी त्याला पुन्हा वेष्टण घातलेलं नसतं, म्हणून नुसत्या टिचकीनेही ते कावतं. मेंदूला वाटतं, टिचकी करंगळीलाच बसली.

पण या पेशींचा दमही कायमचा नसतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर काही महिन्यांत कापलं जातं. चेता खांद्याशी तुटली तर हाच प्रवास दीड-दोन वर्षांचा. तोवर वाट पाहणाऱ्या श्वान पेशी थकतात, त्यांची रसायनं आटतात, स्नायूही सुकतात. म्हणून शिवायला उशीर नको.

भावाला सांगा, दर रविवारी टिचकीच्या जागेवर पेनाने ठिपका द्यायचा आणि मनगटापासूनचं अंतर वहीत तारखेसह लिहायचं. जागा महिनाभर हललीच नाही तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. झिणझिण्या पुढे सरकल्या म्हणजे बोटांत ताकद येईलच असंही नाही, तेव्हा सांगितलेले व्यायाम सोडायचे नाहीत. आणि चहाचा ग्लास आधी चांगल्या हाताने चाचपायचा. बधिर बोटाला भाजल्याचं कळत नाही.

कुष्ठरोगाचा जंतू घर करतो तो याच श्वान पेशींत. त्याची गोष्ट पुढच्या आठवड्यात. त्याला एकाचे दोन व्हायलाच जवळजवळ दोन आठवडे लागतात, तेव्हा आठवडाभर थांबायला त्याची हरकत नसावी.