होडी, शीड आणि किनारा – ११ : रात्रीची भरती

भाट्याच्या खाडीच्या तोंडावरची वाळू ओलांडायची कशी, ते या आठवड्यात यायचे होते. पण गुहागरकडच्या एका वाचकाचे पत्र आले आणि बेत बदलला. गेल्या मार्गशीर्ष पौर्णिमेला हे गृहस्थ आणि त्यांचा मित्र शिडाची छोटी होडी घेऊन आरे-वारेच्या पुळणीवर मुक्कामाला उतरले. दुपारची भरती नुकतीच सरली होती. तिच्या ओल्या रेषेच्या चार-पाच पावले वर त्यांनी होडी ओढली, पिठलं-भात केला आणि सुरूच्या बनात आडवे झाले. मध्यरात्रीनंतर जाग आली तेव्हा होडी जागेवर नव्हती. पहाटे मासेमारीहून परतणाऱ्यांना ती बाहेर समुद्रात सापडली, म्हणून वाचली. भरतीच्या रेषेच्या वर ठेवूनही असे का व्हावे, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे.

त्यांनी रेषा पाहिली ती दुपारची. हिवाळ्यात या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा जास्त चढते.

पौषातला पूर्णचंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, हे अंगणात उभे राहिलेल्या कोणीही पाहिलेले असते. सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून त्याच्या समोरचा चंद्र उत्तरेला. पाण्याचा एक फुगवटा चंद्राच्या बाजूला असतो आणि दुसरा पृथ्वीच्या बरोबर उलट बाजूला. मध्यरात्री रत्नागिरी पहिल्या फुगवट्याच्या ऐन भराखालून जाते. दुपारी दुसऱ्याची नुसती कड मिळते, कारण त्याचा मध्य दूर दक्षिणेला असतो. अमावास्येला चंद्र सूर्याच्याच सोबतीने दक्षिणेला असतो, पण मग उलट बाजूचा फुगवटा उत्तरेला येतो आणि तोही मध्यरात्रीच वाट्याला येतो. पावसाळ्यात सगळा हिशेब फिरतो. मुंबईत पाणी तुंबल्याच्या बातम्यांत भर दुपारची मोठी भरती असते, ती त्यामुळेच. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटास दोन्ही भरत्या साधारण सारख्या होतात. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यांचाही यात हात असतो, पण कोकणापुरता हा आडाखा चालतो.

फरक फार मोठा असावा लागत नाही. तीस फुटांत एक फूट चढणाऱ्या सपाट पुळणीवर पाणी फूटभर जास्त चढले, की ते तीस फूट आत सरकते. चार-पाच पावलांचा तिथे काय पाड?

वेळेचे गणित कोकणात जुनेच आहे. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. पाणी रोज पाऊण तासाहून थोडे जास्तच मागे पडते, शिवाय ते दक्षिणेकडून वर चढत जाते, म्हणून रत्नागिरीची भरती मुंबईच्या आधी येते. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाची फट धरूनच चालावे. नेमके आकडे हवे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टके दरवर्षी निघतात. पाऊणपटीत वेळ कळते, उंची नाही. पत्रलेखकांना वेळ ठाऊक होती, असे पत्रावरूनच दिसते.

उंची पुळणच सांगते. हिवाळ्यात दुपारी उतरल्यावर ओल्या रेषेपाशी न थांबता वर चालत जावे. काही अंतरावर दुसरी रेषा भेटते: वाळलेल्या सुरूच्या काड्या, नारळाची सोडणे, थर्माकोलचे तुकडे, एखादी रबरी चप्पल. हा कचरा कोरडा ठणठणीत असतो. आदल्या रात्रीचे पाणी इथवर आले होते. उधाण अजून चढते असेल, तर आज ते याच्याही वर जाईल. होडी या रेषेच्या पलीकडे हवी.

मात्र तिथे आणखी एक हक्कदार असतो. गावखडी, गुहागर, वेळास इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या याच दिवसांत रात्री वर येऊन अंडी घालतात, तीही भरतीच्या रेषेच्या वरच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून वेळासला घरट्यांच्या रक्षणाचे काम उभे केले. तेव्हा होडी ओढण्याआधी वाळूवर वल्ह्यांच्या फराट्यांसारखा रुंद माग दिसतो का ते पाहावे आणि दिसला तर सरळ बाजूला जावे.

ओढणे हे बोलण्याइतके सोपे नाही. एन्टरप्राइज जातीच्या होडीचे नुसते अंग ९० किलोंच्या पुढे, वेफेअररचे १६९ किलोंच्या आसपास. वेफेअररवाले हवा भरलेले रबरी रूळ खाली घालतात. आपल्याकडे लाकडी ओंडक्यांवर भागते. फ्रँक डाय याने १९६३ साली पावणेसोळा फुटांच्या वेफेअररमधून स्कॉटलंडहून आइसलंड गाठले, तेव्हा ओढाओढीचा प्रश्नच नव्हता, कारण झोपही होडीतच घ्यायची. ज्याला ते जमते त्याने जरूर करावे. बाकीच्यांनी पाऊल टाकताच नांगर काढावा.

कारण आरे-वारेची होडी नुसती तरंगली नाही, बाहेर गेली. हिवाळ्यात रात्री जमिनीकडून मतलई सुटते आणि मध्यरात्रीनंतर ओहोटीही लागते. दोन्हींचा ओढा समुद्राकडेच. म्हणून होडी कितीही वर असली तरी नांगर आणखी वर न्यावा, फाळ वाळूत हातभर खोल पुरावा आणि दोरी होडीच्या नाळेला बांधावी. सुरूच्या बुंध्याला बांधली तरी चालेल, फक्त दोरी तेवढी लांब हवी. पाणी आलेच तर होडी दोरीला झुलत राहील. शीड आणि वल्ही होडीत ठेवू नयेत. उलटल्यावर ती पहिली वाहून जातात.

पत्रलेखकांनी विचारलेला दुसरा प्रश्न, खाडीच्या गाळात होडी बसू द्यावी का, हा भाट्याच्या तोंडाशी जोडूनच घेता येईल. तो पुढच्या आठवड्यात, मध्येच आणखी कोणाची होडी वाहून गेली नाही तर.