त्रिकोणी जाळीवरील खेळाची रचना

पट ही एक गोष्ट आणि खेळाचे नियम ही दुसरी, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः खेळाचे निम्मे नियम पटाच्या आकृतीतच दडलेले असतात. नवा खेळ रचू पाहणाऱ्याने प्रथम ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे.

खेळ रचण्याच्या कलेचा विचार करताना म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार त्यांच्या हातून काढून घेतला. ज्याच्या हाती राज्यकारभार उरला नाही, अशा या राजाने पट आणि पत्ते यांच्या जगात मात्र नवनवी रचना केली. बुद्धिबळाच्या पटावरील प्रत्येक घरात घोड्याला एकदाच नेणाऱ्या फेऱ्या त्यांनी मांडल्या. त्यांनी योजलेल्या गंजिफांपैकी एका प्रकारात १८ रंगांची ३६० पाने होती. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या नऊ भागांच्या ग्रंथातील ‘कौतुकनिधि’ हा भाग खेळांशी संबंधित आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्याच्या भिंतींवरही खेळांचे पट रंगवलेले आढळतात.

राजवाड्याबाहेर, खेड्यापाड्यांत आणि देवळांच्या फरसबंदीवर, याच प्रदेशात एक त्रिकोणी पट फार पूर्वीपासून प्रचलित आहे. कानडीत ‘हुली’ म्हणजे वाघ व ‘कुरी’ म्हणजे मेंढी. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून खाली उतरणाऱ्या रेघांना आडव्या रेघा छेदतात, आणि त्या छेदबिंदूंवर वाघ व मेंढ्या मांडतात. एका प्रचलित प्रकारात २३ बिंदू, तीन वाघ आणि १५ शेळ्यामेंढ्या असतात. वाघ उडी मारून मेंढी खातो. मेंढ्यांना मात्र वाघाभोवतीची जागा व्यापून त्याला कोंडावे लागते. जागा जिंकण्याची कल्पना ती हीच.

आता सोंगट्या बाजूला ठेवून केवळ कागद व पेन्सिल यांवर असा खेळ रचता येईल काय, ते पाहू. ठिपके जोडून चौकोन जिंकण्याचा खेळ शाळकरी मुलांच्या परिचयाचा आहे. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चौकोनी जाळीऐवजी त्रिकोणी जाळी घेतली तर काय होईल?

त्रिकोणी जाळी मराठी घरांना नवी नाही. ‘११ ते ६’ अशी ठिपक्यांची रांगोळी काढताना वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध खालचा ठिपका येतो. ती त्रिकोणांचीच जाळी होय. मात्र या षट्कोनी मांडणीत एक अडचण आहे. तिच्यातील लहान त्रिकोणांची संख्या नेहमी सहाच्या पटीत, म्हणजे सम असते. त्यामुळे डाव बरोबरीत सुटू शकतो. याउलट एक ठिपक्यापासून सहा ठिपक्यांपर्यंत सहा ओळी मांडल्या, तर २१ ठिपके, ४५ रेघा व २५ त्रिकोण मिळतात. संख्या विषम असल्याने बरोबरीचा प्रश्नच उद्भवत नाही.

नियम साधे ठेवावेत. दोघांनी आळीपाळीने शेजारचे दोन ठिपके जोडणारी एक रेघ काढावी. ज्याच्या रेघेने त्रिकोण पुरा होईल, त्याने त्यात आपले अक्षर लिहावे आणि आणखी एक रेघ काढावी. अखेरीस ज्याचे त्रिकोण अधिक, तो विजयी.

नियम जुनेच असले तरी खेळाचा स्वभाव पालटतो. चौकोनात दोन रेघा पडेपर्यंत भय नसते. त्रिकोणात दुसरी रेघ पडताच तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. म्हणजे प्रत्येक त्रिकोणात निर्धोक रेघ एकच. आता असे पाहा, की टोक वर असलेल्या त्रिकोणांना ‘सुलटे’ म्हटले, तर सुलटे त्रिकोण १५ आहेत आणि ४५ पैकी प्रत्येक रेघ कोणत्या तरी एकाच सुलट्या त्रिकोणाची बाजू असते. तेव्हा निर्धोक रेघा १५ हून अधिक होऊच शकत नाहीत. काठावरील १२ सुलट्या त्रिकोणांत एकेक रेघ पडणारच, कारण त्यांची काठाकडील बाजू दुसऱ्या कोणत्याही त्रिकोणाला लागत नाही. उरले आतले तीन. त्या तिघांच्या मधोमध एक उलटा त्रिकोण असल्यामुळे त्यांपैकी निदान एकात रेघ पडते. उरलेल्या दोहोंची वाट मात्र अडवता येते.

तात्पर्य, निर्धोक रेघा १३, १४ किंवा १५ असतात. त्या विषम झाल्या, तर दुसऱ्या खेळाडूला प्रथम धोक्याची रेघ काढावी लागते. १४ झाल्या, तर पहिल्याला. एक त्रिकोण पुरा करणारी रेघ शेजारच्या त्रिकोणातही पडते, त्यामुळे एकामागून एक त्रिकोणांची साखळीच हाती येते. म्हणून धोक्याची पहिली रेघ कोणावर येते याला मोठे महत्त्व आहे. वरवर पाहता २५ त्रिकोणांसाठी चाललेली ही झुंज आरंभी केवळ मधल्या तीन त्रिकोणांसाठी असते.

रचनाकाराने येथेच सावध व्हावे. प्रारंभ करणाऱ्याच्या पदरी आयता विजय पडत असेल, तर तो खेळ न्याय्य म्हणता येणार नाही. त्यासाठी दर दोन डावांत प्रारंभाचा मान अदलाबदल करावा आणि निकालांची नोंद ठेवावी. मधल्या तिघांची युक्ती दोघांनाही पाठ झाली, की आठ ओळींचा पट घ्यावा. त्यात ३६ ठिपके, ४९ त्रिकोण आणि आतले सुलटे त्रिकोण तीनऐवजी दहा असतात. एकही नियम न बदलता खेळ पुन्हा नवा होतो.