विश्लेषण : घरी रचलेल्या साहसी खेळांवर ५० वर्षांपूर्वीच्या नियमांचा पगडा का?

टेबलाभोवती चार-पाच मित्र, कागद, पेन्सिल आणि फासे. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकी खेळाने २०२४ मध्ये पन्नाशी गाठली, नवे नियमही आले. तरीही स्वतःचे भुयार रचणारे अनेक हौशी खेळाडू १९७४ ते १९८१ या काळातील नियमांकडेच वळतात. ते का?

सुरुवात कशी झाली?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आला. पहिल्या छपाईत केवळ एक हजार संच होते. नियम त्रोटक होते, काही ठिकाणी तर 'चेनमेल' या आधीच्या युद्धखेळाची पुस्तिका हाताशी असल्याचे गृहीत धरले होते. उरलेल्या जागा प्रत्येक गटाने आपल्या परीने भरल्या. घरगुती साहसांची सवय तिथूनच लागली.

१९८१ ची पुस्तिका महत्त्वाची का?

टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या ६४ पानी पुस्तिकेने भुयार रचण्याची कृतीच शिकवली. आधी नकाशा काढायचा, मग प्रत्येक खोलीसाठी फासा टाकायचा. १ किंवा २ आले तर राक्षस, ३ आले तर सापळा, ४ आले तर काही विशेष आणि ५ किंवा ६ आले तर रिकामी खोली. शाळकरी मुलालाही एका दुपारी साहस तयार करता येई.

नियमांमुळे खेळ कसा बदलतो?

बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे एक अनुभवगुण मिळे, राक्षस मारण्याचे गुण त्यामानाने कमी. त्यामुळे लढण्यापेक्षा चकवा देणे शहाणपणाचे ठरे. मशाल दहा-दहा मिनिटांच्या सहा फेऱ्यांत विझे. दर दोन फेऱ्यांनी फासा पडे, १ आला की भटका राक्षस समोर. म्हणजे रेंगाळण्याचीही किंमत होती. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण गेले आणि लढाईचे वजन वाढले.

जुने नियम परत कसे आले?

२००० मध्ये आलेल्या खुल्या परवान्याच्या आधारे हौशींनी जुने नियम नव्या शब्दांत मांडले. २००६ मध्ये 'ऑसरिक', २००७ मध्ये 'लॅबिरिंथ लॉर्ड', २०१९ मध्ये 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स' आले. अमेरिकी कायद्यात स्वामित्वहक्क नियमांच्या शब्दांना असतो, खेळण्याच्या पद्धतीला नाही, हेही पथ्यावर पडले.

वाद काय झाला?

जानेवारी २०२३ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या मालक कंपनीचा परवाना कडक करणारा मसुदा फुटला. या परवान्यावर छोट्या प्रकाशकांची रोजीरोटी असल्याने संताप उसळला. महिनाअखेर कंपनीने माघार घेत पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स'खाली खुले केले. मात्र तोवर अनेकांनी स्वतंत्र नियम लिहायला घेतले होते.

आज काय उरले?

२०२३ मधील 'शॅडोडार्क'मध्ये मशाल घड्याळातील खऱ्या एका तासात विझते. अंधाराची जुनी भीती नव्या रूपात टिकून आहे. आलेख कागद, दहा खोल्या आणि एक फासा एवढ्यावर आजही सुरुवात करता येते. फक्त तीन-चार खोल्या रिकाम्या ठेवायला विसरू नये. पुढच्या दाराची धास्ती त्यांच्यामुळेच वाढते.