वहीतली चूक आणि तोहमतीची घाई

शिरूर काय आणि दौंड काय, दोन्ही वर्दळीची गावे. शिरूर पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, जवळच रांजणगावची एमआयडीसी. दौंड रेल्वेचे मोठे जंक्शन, शेजारी कुरकुंभचे कारखाने, आणि हंगामात उसाच्या तोडणीला येणारी कुटुंबे. आपल्यातले कितीतरी लोक ट्रकवर, गॅरेजमध्ये किंवा कंत्राटी कामावर पोट भरतात आणि महिनोन्‌महिने घराबाहेर असतात. अशा गावात एखाद्या घरी एचआयव्हीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, की औषधाच्या आधी प्रश्न निघतो तो एकच: कोणामुळे? बोट बहुधा सुनेकडे वळते. कारण साधे आहे. गरोदरपणात तिची तपासणी होते, म्हणून आजार आधी तिच्या कागदावर दिसतो. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते.

या ‘कोणामुळे’चे उत्तर आता प्रयोगशाळेत मिळते, असे आम्ही काहींच्या तोंडून ऐकतो. विषाणूच्या जनुकांवरून साथीचा माग काढण्याची पद्धत खरोखरच आहे आणि फार उपयोगाची आहे. मात्र ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी समजून घेतले पाहिजे.

एचआयव्हीची सगळी जडणघडण सुमारे ९,७०० अक्षरांत लिहिलेली असते. शरीरात त्याच्या नकला होताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. दादीच्या वहीतून बिर्याणीची कृती उतरवून घेताना एकीने ‘पाव चमचा शहाजिरे’च्या जागी ‘पाऊण चमचा’ लिहिले, तर तिच्या वहीवरून लिहून घेणाऱ्या सगळ्या जणींकडे पाऊणच जाणार. पुढे त्यात ज्याच्या त्याच्या नव्या चुका मिसळणार. दोन वह्यांत तीच चूक सापडली, तर त्यांचे मूळ जवळचे आहे एवढे कळते. फातिमाने सलमाच्या वहीतून घेतले की सलमाने फातिमाच्या, की दोघींनी तिसऱ्याच कोणाकडून, हे चूक पाहून ठरत नाही. तिसरी वही तर आपल्या हाती आलेलीच नसते. विषाणूचेही असेच आहे. नमुने जुळले म्हणजे ते एका गटातले. कोणी कोणाला दिला, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

ही विद्या आपल्या जिल्ह्याला परकी नाही. १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, भोसरीतच आहे; आता तिचे नाव बदलले आहे. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या आणि नुकतीच लागण झालेल्या सहा जणांच्या विषाणूंचा जवळजवळ पूर्ण जनुकक्रम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ‘सी’ उपप्रकाराचे निघाले. भारतात हाच प्रामुख्याने आढळतो. सहावा ‘ए’ आणि ‘सी’ यांच्या मिश्रणाचा होता.

पण आपल्या घरांच्या दृष्टीने पुण्यातले त्याहून मोठे काम दोन वर्षे आधी, १९९७ मध्ये छापून आले. त्यात जनुकांचा भाग नव्हता, फक्त तपासणी आणि चौकशी होती. १९९३ ते १९९६ या काळात याच दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्क्यांना एचआयव्हीची लागण आढळली. यांच्यातल्या मोठ्या संख्येने स्त्रियांचा आयुष्यात पतीखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. सुनेकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक घराने हा आकडा लक्षात ठेवावा.

जनुकांनी निरपराधांची बाजू मांडल्याचेही उदाहरण आहे, आणि ते एका मुस्लिम देशातले आहे. लिबियातील बेनगाझीच्या बालरुग्णालयात १९९८ मध्ये चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर मुद्दाम विषाणू टोचल्याचा आरोप ठेवून त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी मुलांच्या नमुन्यांतील चुका मोजून दाखवले की, हा विषाणू हे लोक मार्च १९९८ मध्ये तिथे येण्यापूर्वीच पसरत होता. तरीही त्याच वर्षी मृत्युदंड पुन्हा ठोठावला गेला. २००७ मध्ये त्यांची सुटका झाली. विषाणू बोट दाखवत होता तो माणसांकडे नव्हे, रुग्णालयातल्या अस्वच्छ सुयांसारख्या हलगर्जीकडे. पाकिस्तानातील रतोदेरो येथे २०१९ मध्ये शेकडो बालके बाधित निघाली, तिथेही वापरलेल्या सुयांचाच प्रश्न पुढे आला. ताप आला की ‘डॉक्टर, एक सुई टोचाच’ म्हणणाऱ्या आपल्या गावांनी हे वाचून नव्या, सीलबंद सुईचा आग्रह धरावा.

मग या पद्धतीचा खरा उपयोग कुठे? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात औषधे लागू पडतील का, हे पाहण्यासाठी रुग्णांच्या विषाणूचा जनुकक्रम काढतातच. तोच संगणकावर सतत जुळवला जातो. २०१४ मध्ये एका गटात तीन महिन्यांत अकरा नवे रुग्ण वाढले, त्यांतील आठ जणांचा विषाणू औषधाला दाद न देणारा होता. आरोग्य खात्याने लगेच तिकडे तपासणी आणि उपचार वाढवले. म्हणजे कोठे तातडीने जायचे, एवढेच कळले, आणि तेवढे पुरे होते. आपल्याकडे ही पद्धत रोजच्या सरकारी कामात आलेली नाही. उद्या आली, तर दौंडच्या स्थानकाजवळ की रांजणगावच्या कामगार वस्तीत तपासणीची गाडी आधी न्यायची, हे ठरवायला तिची मदत होईल.

धोकाही आहे. शिरूरसारख्या गावात ‘गट’ हा शब्द नावापर्यंत पोहोचायला एक दिवस लागत नाही. म्हणून कायद्याची बाजू माहीत असावी. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. जोडीदाराला सांगण्याची मुभा डॉक्टर व समुपदेशकाला ठरावीक अटींवरच आहे, आणि मारहाण किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल तर, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तीही नाही. आपल्या दीनमध्ये पाकदामन स्त्रीवर तोहमत घेण्यासाठी चार साक्षीदारांची अट आहे आणि ते न आणणाऱ्याला सजा आहे. प्रयोगशाळेचा कागद हा त्या चारांतला एकही साक्षीदार नव्हे, असे आम्हांला वाटते.

आता करायचे काय, तर नवऱ्यानेही तपासणी करून घ्यायची. निकाहापूर्वी तपासायचे ठरले तर दोघांचेही, एकट्या मुलीचे नव्हे. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते. औषधेही २००४ पासून मोफत मिळत आहेत. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजणीत न येण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर मातेने वेळेवर उपचार घेतले तर बाळ निरोगी जन्मण्याची शक्यता फार मोठी असते. केंद्रात जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे नाव सांगावे लागत नाही.